निळा रंग, लाल प्रकाश आणि इम्प्लांटवरचे जंतू

इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात रोवलेला धातूचा स्क्रू, बसवून घेतलेल्या बहुतेकांचा असा समज असतो की हा दात धातूचा आहे, त्याला कीड लागणार नाही, तेव्हा आता आयुष्यभराची काळजी मिटली. यातला कीड न लागण्याचा भाग खरा आहे. परंतु इम्प्लांटभोवतीची हिरडी आणि ज्या हाडात ते रोवलेले असते ते हाड जिवंत असते, आणि तोंडातले जंतू या दोहोंपर्यंत पोहोचण्यासाठी त्याच धातूच्या पृष्ठभागावर ठाण मांडतात. हिरडीला सूज येते, ब्रश लागला की रक्त येते, पुढे पू येऊ लागतो आणि हाड हळूहळू झिजते. हे जंतू पृष्ठभागावरून कसे काढायचे, हा आज दंतवैद्यकातला एक अवघड प्रश्न आहे. त्यावर सुचवला जाणारा एक उपाय म्हणजे प्रकाशाने कार्यान्वित होणारा जंतुनाशक उपचार. तो नेमका काय करतो, कुठे उपयोगी पडतो आणि कुठे त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये, हे कोल्हापुरात इम्प्लांट बसवून घेतलेल्या आणि घेऊ पाहणाऱ्या वाचकांसाठी मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी इम्प्लांटचा पृष्ठभाग समजून घेतला पाहिजे, कारण सगळी अडचण तिथूनच सुरू होते. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी टायटॅनियमचे एक छोटे उपकरण वापरत होते. प्रयोग संपल्यावर ते उपकरण हाडातून निघेना, कारण हाड त्याला घट्ट चिकटून वाढले होते. या निरीक्षणातून पुढे दंतरोपणाचे शास्त्र उभे राहिले आणि १९६५ मध्ये ब्रोनेमार्क यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. सुरुवातीची इम्प्लांट्स यंत्रावर कातलेली, बऱ्यापैकी गुळगुळीत होती. पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत केला तर हाड त्याला लवकर आणि अधिक घट्ट धरते, हे नंतर लक्षात आले. त्यामुळे आजच्या बहुतेक इम्प्लांट्सवर बारीक कठीण कणांचा जोरदार मारा करतात आणि नंतर तीव्र आम्लाने पृष्ठभाग कोरतात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ब्लास्टिंग केलेल्या कास्टिंगवर रंग जसा पक्का धरतो, तसेच हाड या खडबडीत टायटॅनियमला धरते.

मात्र जो खडबडीतपणा हाडाला आवडतो, तोच जंतूंनाही आवडतो. या पृष्ठभागावरचे उंचवटे आणि खळगे साधारण एक ते दोन मायक्रॉनचे असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तोंडातल्या अनेक रोगकारक जंतूंची लांबी साधारण अर्धा ते दोन मायक्रॉन असते. म्हणजे एकेका खळग्यात एखाददुसरा जंतू नेमका मावतो आणि त्या खळग्यात उतरू शकेल एवढे बारीक टोक कोणत्याही हत्याराला नसते. पृष्ठभाग हाडाने पूर्ण झाकलेला आहे तोवर याची काही चिंता नाही. हाड थोडे खाली गेले आणि स्क्रूचे आटे उघडे पडले, की या खळग्यांपर्यंत लाळ आणि जंतू पोहोचतात.

खऱ्या दाताच्या आणि इम्प्लांटच्या भोवतालच्या रचनेतही एक महत्त्वाचा फरक आहे. खऱ्या दाताच्या मुळाला हिरडीचे आणि हाडाचे तंतू आडवे येऊन भिडलेले असतात. दात आणि हाड यांच्यामधल्या पातळ पडद्यात रक्तवाहिन्या आणि संवेदना असतात. इम्प्लांटभोवती असा पडदा नसतो, हिरडीतले तंतू त्याला समांतर उभे राहतात आणि त्या भागातला रक्तपुरवठाही कमी असतो. म्हणून जंतूंचा दाह एकदा खाली सरकू लागला की त्याला अडवणारे फारसे काही नसते आणि वेदनाही बहुधा होत नाहीत. तपासणीच्या खुर्चीवर हे वारंवार दिसते. कागलहून आलेले सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ केवळ इम्प्लांटवर बसवलेल्या दाताच्या, म्हणजे कॅपच्या, कडेला घास अडकतो म्हणून दाखवायला येतात. हिरडीवर बोटाने हलका दाब दिला की कडेने पिवळसर थेंब वर येतो. आरशात तो दाखवल्यावर ते विचारतात, “डॉक्टर, दुखत तर काय न्हाई, मग पू कुठनं आला?” त्यांना सांगावे लागते, “अण्णा, दुखत नाही म्हणूनच तो इतके दिवस कळला नाही.”

या आजाराचे दोन टप्पे मानतात. पहिल्या टप्प्यात केवळ हिरडी सुजलेली असते, हाड शाबूत असते आणि चांगल्या साफसफाईने हा टप्पा पूर्ण बरा होऊ शकतो. दुसऱ्या टप्प्यात हाडाची झीज सुरू झालेली असते. त्याला पेरि-इम्प्लांटायटिस म्हणतात. निदानासाठी मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई, म्हणजे प्रोब, हिरडी आणि इम्प्लांट यांच्यामधल्या फटीत हलकेच उतरवून खोली मोजतात, रक्त किंवा पू येतो का ते पाहतात आणि एक्स-रे काढून तो जुन्या एक्स-रेशी ताडून बघतात. जुना एक्स-रे उपलब्ध नसेल, तर रक्त किंवा पू येणे, सहा मिलिमीटर किंवा अधिक खोली आणि हाडाची पातळी तीन मिलिमीटर किंवा अधिक खाली गेलेली असणे, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहून निदान करावे, असे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण सांगते. इम्प्लांट बसवल्यावर काढलेला एक्स-रे रुग्णाने स्वतःजवळ जपून ठेवावा असे मी आग्रहाने सांगतो, ते याच कारणासाठी.

हा आजार दुर्मीळ नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात इम्प्लांट असलेल्या रुग्णांपैकी सरासरी ४३ टक्के लोकांमध्ये पहिला टप्पा आणि २२ टक्के लोकांमध्ये दुसरा टप्पा आढळला होता. निरनिराळ्या अभ्यासांतले आकडे एकमेकांपासून बरेच दूर होते, कारण किती हाड गेले म्हणजे आजार मानायचा याच्या व्याख्या वेगवेगळ्या होत्या. तरीही इम्प्लांट बसवताना या शक्यतेची कल्पना रुग्णाला दिली गेलीच पाहिजे, एवढे त्यातून निश्चित होते.

आता जंतूंकडे वळू. इम्प्लांटवरचे जंतू सुटेसुटे नसतात. अनेक जातींचे जंतू एकत्र येऊन स्वतःभोवती चिकट द्रव्य तयार करतात आणि त्याच्या आत थरावर थर रचून राहतात. याला जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस, फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम, ट्रेपोनेमा डेंटिकोला अशी ऑक्सिजन टाळणारी मंडळी त्यात खोलवर असतात. इम्प्लांटभोवती काही वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियसही सापडतो. चिकट द्रव्यामुळे औषध आतल्या थरांपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. शिवाय आतले जंतू फार मंद गतीने वाढत असतात, त्यामुळे वाढत्या जंतूंवर प्रभावी ठरणारी प्रतिजैविके त्यांच्यापुढे कमी पडतात. अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोलचा कोर्स घेतल्यावर सूज उतरते आणि काही आठवड्यांनी पुन्हा येते, हा अनुभव त्यामुळेच अनेकांना येतो. पटल जागेवर शिल्लक असेल तर गोळ्या कितीही घेतल्या तरी मूळ कारण जात नाही, आणि दर खेपेला अशा गोळ्या घेण्याने प्रतिरोधक जंतू वाढण्याचा धोका मात्र वाढतो.

म्हणून पटल हाताने किंवा यंत्राने मोडणे ही उपचाराची पहिली पायरी आहे. टायटॅनियमची किंवा कार्बन तंतूंची हत्यारे, टायटॅनियमचे फिरते ब्रश, ग्लायसिन किंवा एरिथ्रिटॉल या मऊ भुकटीचा हवा-पाण्याबरोबर मारलेला फवारा, एर्बियम जातीचा लेझर, सलाइनने धुणे, हायड्रोजन पेरॉक्साइड, सायट्रिक आम्ल असे पर्याय वापरले जातात. साधी पोलादी हत्यारे टायटॅनियमवर ओरखडे पाडतात, म्हणून ती टाळतात. यांपैकी कोणताही एक उपाय आट्यांच्या खालच्या, हिरडीकडून न दिसणाऱ्या बाजूपर्यंत पूर्णपणे पोहोचत नाही. जिथे हत्यार पोहोचत नाही तिथे द्रव पोहोचू शकतो, आणि प्रकाश-उपचाराची सगळी कल्पना या एका शक्यतेवर उभी आहे.

ही कल्पना सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे. म्युनिकमध्ये हेर्मान फोन टापायनर यांच्या प्रयोगशाळेत ओस्कार राब नावाचा विद्यार्थी ॲक्रिडीन या रंगद्रव्याचा पॅरामेशियम या एकपेशीय जीवावर काय परिणाम होतो ते तपासत होता. तेच द्रावण, तेवढेच प्रमाण, तरी पॅरामेशियम कधी लवकर मरत आणि कधी बराच वेळ जगत. प्रयोगाच्या वेळी उजेड किती होता यावर हा फरक अवलंबून असल्याचे त्याच्या ध्यानात आले आणि १९०० साली त्याने ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. टापायनर यांनी पुढे दाखवले की या परिणामासाठी रंगद्रव्य आणि प्रकाश यांच्या जोडीला ऑक्सिजनही लागतो. याच सुमारास डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाश-उपचारासाठी १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे प्रतिजैविके आली आणि जंतूंवर प्रकाशाचा वापर करण्याचा विचार बराच काळ मागे पडला. तोंडातल्या जंतूंबाबत तो पुन्हा गंभीरपणे हाती घेण्याचे मोठे श्रेय लंडनच्या ईस्टमन दंतसंस्थेतील मायकेल विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे जाते; कमी शक्तीच्या लेझरने रंगवलेल्या जंतूंवरचे त्यांचे प्रयोग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचे आहेत.

या उपचारात तीन घटक असतात: रंगद्रव्य, त्या रंगद्रव्याला मानवणारा प्रकाश आणि ऑक्सिजन. सर्वांत जास्त वापरले जाणारे रंगद्रव्य म्हणजे मिथिलीन ब्लू. शाळेच्या प्रयोगशाळेत गालाच्या आतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना जो निळा थेंब टाकतात, तेच हे द्रव्य. त्याच्या रेणूवर धन विद्युतभार असतो आणि जंतूंच्या बाहेरील आवरणावर ऋण भार असतो, त्यामुळे ते जंतूंना चटकन चिकटते. अंधारात या प्रमाणातले मिथिलीन ब्लू जंतूंचे फारसे बिघडवत नाही. त्याच्यावर साधारण ६६० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) तरंगलांबीचा लाल प्रकाश पडला की रेणू ती ऊर्जा शोषून घेतो आणि उत्तेजित अवस्थेत जातो. तिथून मूळ स्थितीत परतताना त्याच्याजवळची जास्तीची ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनच्या रेणूला मिळते. असा ऊर्जा मिळालेला ऑक्सिजन, ज्याला सिंग्लेट ऑक्सिजन म्हणतात, अत्यंत आक्रमक असतो. समोर येणाऱ्या चरबीच्या, प्रथिनांच्या आणि जनुकीय द्रव्याच्या रेणूंशी तो तत्काळ अभिक्रिया करतो. काही वेळा रंगद्रव्य ऊर्जेऐवजी इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करते आणि त्यातून हायड्रॉक्सिल मूलकासारखे दुसरे विध्वंसक घटक तयार होतात. या दोन्ही मार्गांनी जंतूंचे आवरण फाटते आणि ते मरतात.

सिंग्लेट ऑक्सिजनचे आयुष्य इतके अल्प असते की पाण्यात तो सेकंदाचा दहा लाखावा भाग, अशा तीन-चार भागांपुरताच टिकतो. पेशीत तर तो आणखी लवकर संपतो आणि मायक्रॉनच्या काही दशांशांपलीकडे जाऊ शकत नाही. या एका गोष्टीत उपचाराचे बळ आणि मर्यादा दोन्ही सामावलेली आहेत. परिणाम जिथे रंगद्रव्य चिकटले आहे तिथेच होतो, म्हणून आजूबाजूच्या निरोगी पेशींना फारशी इजा होत नाही आणि संपूर्ण शरीरावर औषधाचा भारही पडत नाही. जंतूंच्या एकाच वेळी अनेक घटकांवर आघात होत असल्याने त्यांनी या उपचाराला प्रतिकार विकसित करणेही अवघड असते. आजच्या काळात ही मोठी जमेची बाजू आहे असे मी मानतो. परंतु ज्या जंतूपर्यंत रंग पोहोचला नाही, किंवा रंग पोहोचूनही प्रकाश पोहोचला नाही, तो जंतू वाचतो. शेजारचा मेला म्हणून हा मरत नाही.

प्रत्येक रंगद्रव्याची प्रकाशाची आवड ठरलेली असते. मिथिलीन ब्लूला ६६० च्या आसपासचा लाल प्रकाश लागतो, टोल्युइडिन ब्लूला साधारण ६३० चा, तर इंडोसायनीन ग्रीन या हिरव्या द्रव्याला ८१० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश लागतो. या शेवटच्या जोडीत जंतुनाशक परिणामाबरोबर उष्णताही तयार होते, त्यामुळे तिथे अधिक सावधगिरी लागते. ही जोडी जुळली नाही तर उपचाराला अर्थ राहत नाही. हिरडी कापण्यासाठी किंवा सुन्न न करता छोटी कामे करण्यासाठी दवाखान्यांत जे डायोड लेझर असतात, ते बहुधा ८१०, ९४० किंवा ९८० नॅनोमीटरचे असतात. मिथिलीन ब्लू त्यांचा प्रकाश जवळजवळ शोषतच नाही. निळे द्रव्य लावून ९८० चा लेझर चालवला तर रुग्णाला रंगही दिसेल आणि लेझरही दिसेल, पण अपेक्षित रासायनिक क्रिया घडणार नाही, आणि शक्ती जास्त असेल तर इम्प्लांट मात्र तापेल. हाडाचे तापमान ४७ अंश सेल्सियसवर एक मिनिट राहिले तरी हाडाला इजा होऊ शकते, हे १९८० च्या दशकातच प्रयोगांनी दाखवलेले आहे. टायटॅनियम धातू असल्याने ती उष्णता थेट हाडापर्यंत वाहून नेतो.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. ‘लेझर ट्रीटमेंट’ या एकाच नावाखाली किमान तीन वेगवेगळे उपचार येतात. हिरडी कापणारा किंवा तापवणारा लेझर वेगळा, पाण्याच्या फवाऱ्यासह पृष्ठभागावरचा थर उडवणारा २९४० नॅनोमीटरचा एर्बियम लेझर वेगळा आणि रंगद्रव्याला जागे करणारा कमी शक्तीचा लाल प्रकाश वेगळा. तिसऱ्या प्रकारासाठी लेझरच लागतो असेही नाही. योग्य तरंगलांबीचा एलईडी दिवाही चालतो. राजारामपुरीतल्या दवाखान्यात असो की शाहूपुरीतल्या, रुग्णाने इतके विचारायला काहीच हरकत नाही: “डॉक्टर, कुठला रंग वापरणार, प्रकाश किती नॅनोमीटरचा आणि आधी साफसफाई कशाने करणार?” विचारपूर्वक उपचार करणाऱ्या दंतवैद्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

प्रत्यक्ष उपचार कसा होतो ते जवळून पाहू. कॅप स्क्रूने बसवलेली असेल तर ती आधी काढून ठेवतात, म्हणजे चारही बाजूंनी वाट मिळते. जागा सुन्न करून किटण आणि पटल हत्याराने व भुकटीच्या फवाऱ्याने काढतात. या वेळी दुखऱ्या हिरडीतून रक्त येतेच आणि ते थांबेपर्यंत थांबावे लागते. घाई असेल तर हीच पायरी आखूड केली जाते, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण रक्त प्रकाश शोषून घेते आणि रंगद्रव्यही रक्तातल्या प्रथिनांना चिकटून वाया जाते. रक्त थांबल्यावर जागा धुऊन, बोथट टोकाच्या बारीक सुईने निळे द्रावण फटीच्या तळापासून वर भरत आणतात. वरून टाकले तर खाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि तळ कोरडा राहतो. मग एक ते तीन मिनिटे नुसते थांबायचे. रंगाला जंतूंच्या आवरणात शिरायला तेवढा अवधी हवा असतो. त्यानंतर जास्तीचा रंग पाण्याने धुऊन टाकतात. ही पायरी अनेकांना चमत्कारिक वाटते, पण फटीत गडद निळे पाणी साचलेले असेल तर प्रकाश त्या पाण्यातच शोषला जातो आणि आतल्या जंतूंपर्यंत जातच नाही. शेवटी बारीक प्रकाशतंतू फटीत उतरवून इम्प्लांटभोवती एकेका जागी, यंत्राच्या सूचनेनुसार ठरलेले सेकंद, प्रकाश देतात. १०० मिलिवॉटचा प्रकाश ६० सेकंद दिला तर एकूण सहा जूल ऊर्जा मिळते, म्हणजे फारच थोडी. रुग्णाला चटका बसत नाही. डॉक्टर, सहायक आणि रुग्ण या तिघांच्याही डोळ्यांवर त्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा असलाच पाहिजे. हिरडीवर आणि जिभेवर थोडा निळा डाग उरतो आणि तो लवकरच निघून जातो. काही पद्धतींत हाच प्रयोग आठवड्याने पुन्हा करतात.

परिणाम किती होतो, हा प्रश्न आता विचारायला हवा. प्रयोगशाळेत टायटॅनियमच्या चकत्यांवर वाढवलेल्या जंतूंवर हा उपचार केला तर त्यांची संख्या लक्षणीय कमी होते, याबद्दल वाद नाही. जाहिरातीत ९९.९ टक्के हा आकडा सहज लिहिला जातो. तो हिशेब करून पाहावा. एका जागी दहा कोटी जंतू असतील आणि त्यांपैकी ९९.९ टक्के मेले, तरी एक लाख जिवंत राहतात. जंतू दुप्पट होत वाढतात, त्यामुळे तोंडासारख्या उबदार आणि ओल्या जागी ही फौज परत उभी राहायला फार काळ लागत नाही. शिवाय प्रयोगशाळेतली चकती सपाट असते. जबड्यातल्या इम्प्लांटला आटे असतात, आट्यांच्या खालच्या बाजूला सावली पडते, हाडातला खड्डा वाकडातिकडा असतो आणि फटीच्या तळाशी ऑक्सिजन मुळातच कमी असतो. उपचाराच्या तीन घटकांपैकी दोन घटक, म्हणजे प्रकाश आणि ऑक्सिजन, ज्या ठिकाणी सर्वांत जास्त हवेत तिथेच सर्वांत कमी मिळतात.

रुग्णांवरच्या अभ्यासांतून मिळणारे चित्रही संयमित आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे ४० रुग्णांवर केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुरुवातीच्या पेरि-इम्प्लांटायटिसमध्ये सर्वांचीच आधी यांत्रिक साफसफाई केली. मग काहींना प्रकाश-उपचार आणि काहींना फटीत ठेवायचे मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक दिले. बारा महिन्यांनी दोन्ही गटांत रक्तस्राव कमी झालेला होता आणि दोन्ही गटांचे परिणाम सारखेच होते. यातली चांगली बाब अशी की प्रकाशाने जे साधले ते प्रतिजैविकाविना साधले. काळजीची बाब अशी की दाह पूर्णपणे जाणे दोन्ही गटांत नेहमी शक्य झाले नाही. युरोपीय परिदंत महासंघाने, म्हणजे हिरड्यांच्या आजारांच्या तज्ज्ञांच्या संघटनेने, २०२३ साली इम्प्लांटभोवतीच्या आजारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत शस्त्रक्रियेविना करायच्या साफसफाईला जोड म्हणून हा प्रकाश-उपचार नेहमीसाठी सुचवलेला नाही, कारण केवळ साफसफाईपेक्षा त्याचा ठोस जास्तीचा लाभ पुरेशा खात्रीने दिसलेला नाही.

मग तो वापरावाच कशाला? माझे मत असे आहे की त्याला दुय्यम सहायकाची जागा द्यावी आणि त्याच्याकडून तेवढेच काम घ्यावे. ज्या रुग्णाला प्रतिजैविकांची ॲलर्जी आहे किंवा ज्याने ती अनेकदा घेऊन झाली आहेत, ज्याची प्रकृती शस्त्रक्रियेला अनुकूल नाही, ज्याची फट फार खोल नाही आणि जो नियमित तपासणीला येण्याची खात्री देतो, त्याच्या बाबतीत उत्तम यांत्रिक साफसफाईनंतर हा उपचार करून पाहण्यात तोटा जवळजवळ नाही. शस्त्रक्रियेत हिरडी उघडून आटे समोर दिसत असताना रंग आणि प्रकाश दोन्ही नीट पोहोचतात, त्यामुळे तिथे तो अधिक तर्कसंगत वाटतो. पण त्या ठिकाणीही पुरावा अजून थोडाच आहे. हाड अर्ध्याहून अधिक गेले असेल, तर प्रकाशाच्या बैठकांत महिने घालवणे योग्य नाही. इम्प्लांट हलू लागले असेल तर ते काढावेच लागते, कारण हलणे म्हणजे हाडाशी असलेला जोडच तुटलेला असतो.

या संशोधनाचा एक धागा आपल्या परिसराला जवळचा आहे. शेजारच्या सांगलीच्या बाजारपेठेतल्या हळदीत जो पिवळा घटक असतो, तो कुरक्युमिन, हेही एक प्रकाशसंवेदी रंगद्रव्य आहे. त्याला निळा प्रकाश लागतो, आणि दातात सिमेंट भरल्यावर ते कडक करण्यासाठी वापरतात तशा निळ्या एलईडी दिव्यांसह त्याचे बरेच प्रयोग झाले आहेत. त्याची अडचण अशी की ते पाण्यात नीट विरघळत नाही आणि निळा प्रकाश हिरडीत लाल प्रकाशाइतका खोल जात नाही. घरी हळद चोळून उन्हात तोंड उघडे ठेवल्याने यातले काहीही साधत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे, कारण असे सल्ले व्हॉट्सॲपवर फिरत असतात.

रंग आणि प्रकाश यांपेक्षा इम्प्लांटचे भवितव्य ठरवणाऱ्या काही गोष्टी रुग्णाच्या घरातच असतात. पूर्वी हिरड्यांच्या आजाराने दात गेलेले असतील, तर तेच जंतू उरलेल्या दातांवरून इम्प्लांटवर येतात. मधुमेह ताब्यात नसेल तर दाह लवकर वाढतो आणि जखम उशिरा भरते. उपचारापूर्वी मी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, तपासून घेण्यास सांगतो. तंबाखूचा प्रश्न आपल्या भागात मोठा आहे. सिगारेट आणि गुटख्याबद्दल पुरुष निदान कबुली देतात, पण सकाळ-संध्याकाळ मशेरी लावणाऱ्या मावशींना ते व्यसन वाटतच नाही, दात घासणे वाटते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तो रोज हिरडीवर चोळला जात असेल तर उत्तमोत्तम उपचाराचा टिकाव लागत नाही. याशिवाय कॅप बसवताना हिरडीखाली राहिलेले सिमेंट आणि ब्रश पोहोचू नये असा कॅपचा आकार हीदेखील दाहाची नेहमीची कारणे आहेत. ती तशीच ठेवून प्रकाश दिला, तर जंतू मारल्या दिवसापासून नवे पटल बसायला सुरुवात होते. दातांच्या फटीत जाईल अशा मापाचा छोटा ब्रश कसा फिरवायचा हे आरसा हातात देऊन शिकवणे, हा म्हणूनच उपचाराचाच भाग आहे.

उपचारानंतर सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा मोजमाप करतात. तेच प्रोब, त्याच जागा आणि तोच हलका दाब. खोली पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, रक्त जास्तीत जास्त एकाच जागी येत असेल आणि पू अजिबात नसेल, तर उपचार यशस्वी मानून दर तीन ते सहा महिन्यांनी साफसफाई आणि तपासणी सुरू ठेवतात. खोली सहा मिलिमीटर किंवा अधिक राहिली असेल आणि रक्त अजून येत असेल, तर तोच प्रकाश पुन्हा पुन्हा देत बसण्याऐवजी हिरडी उघडून आटे डोळ्यांसमोर आणून साफ करण्याचा निर्णय घ्यावा लागतो.